मोल कामाचे करावे

हंगाम आला की गावोगावी ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ असे दोन शब्द कानी पडतात. बहुधा पहिला अधिक असतो व दुसरा कमी. हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की तो कशावरून ठरला, हे विचारण्याचेही कोणास सुचत नाही. आज आम्ही वाचकांपुढे तोच प्रश्न ठेवीत आहोत.

स्त्रीपुरुष एकच काम करीत असतील, तर समान वेतनाचा न्याय कोणासही पटेल. अडचण पडते ती कामे निरनिराळी असली म्हणजे. त्यासाठी उद्योगधंद्यांत ‘कार्यमूल्यमापन’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. कामास कौशल्य किती लागते, जबाबदारी किती, श्रम किती आणि ते कोणत्या परिस्थितीत करावे लागते, हे पाहून गुण द्यावयाचे व त्यावरून वेतनश्रेणी ठरवावयाची. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५१ साली समान मोलाच्या कामास समान वेतन देण्याचा करार संमत केला. त्यात अशा निःपक्षपाती मापनाचा पुरस्कार आहे. भारताने तो १९५८ साली स्वीकारला.

परंतु हाती तराजू आला म्हणजे माप खरे होतेच, असे नव्हे. इंग्लंडमध्ये डॅगनम येथील फोर्ड मोटारींच्या कारखान्यात बैठकांची आच्छादने शिवणाऱ्या स्त्रियांना अशाच मापनानंतर कमी कौशल्याच्या ‘ब’ श्रेणीत घालण्यात आले. नोकरी देताना शिवणाची परीक्षा घ्यावयाची आणि पगार देताना कौशल्य नाही म्हणावयाचे, असा हा प्रकार! शिवाय त्या श्रेणीतील पुरुषाला शंभर मिळत, तेथे त्यांना पंच्याऐंशीच मिळत. ७ जून १९६८ रोजी १८७ स्त्रियांनी काम थांबविले. आच्छादनांवाचून गाड्या पुऱ्या होईनात. मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने शंभरामागे ब्याण्णव देण्याचे ठरले, आणि १९७० साली तेथे समान वेतनाचा कायदाही झाला. मात्र ज्या ‘क’ श्रेणीसाठी त्या उठल्या होत्या, ती १९८४ साली दुसरा संप झाल्यावरच मिळाली. पैसा एक वेळ लवकर सुटतो. स्त्रीच्या हातची कला मान्य करावयास सोळा वर्षे लागतात!

आपल्याकडेही असा एक निवाडा झालेला आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ‘लेडी स्टेनोग्राफर’ असा निराळा वर्ग होता व त्यास पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन होते. ऑड्रे डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या आधारे दाद मागितली. हे वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारानेच ठरले आहे, अशी सबब कंपनीने पुढे केली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. पैसा परवडत नाही, हेही कारण न्यायालयाने ऐकले नाही.

‘लेडी स्टेनोग्राफर’ काय आणि ‘बाईचा रोज’ काय, दोहोंत मोल कामाला नव्हे, व्यक्तीला लावलेले आहे. नांगरणीस जोर लागतो हे खरे. पण दिवसभर चिखलात कंबर मोडून, पावसाच्या धारेत, रोप न दुखविता ओळीने लावीत जाणे यास कौशल्य लागत नाही काय? श्रम पडत नाहीत काय? ओझे उचलणे आपल्या मापात भरते. बोटांची चलाखी आणि वाकलेली पाठ मात्र भरत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढील हंगामात रोज ठरविताना ‘गडी’ व ‘बाई’ हे शब्द बाजूस ठेवावेत आणि नांगरणीचा रोज, लावणीचा रोज, मळणीचा रोज असे कामागणिक बोलावे. काम तेच, तर रोज तोच. आणि हे ठरविताना लावणी करणाऱ्या स्त्रियांना अंगणात उभे न ठेवता बैठकीत बसवावे. कारण त्या कामाचे खरे वजन त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?