फुकटची वस्तू आणि न येणारी माणसे

मागच्या इमारतीतील जुने लाकडी बाक, दोन लोखंडी कपाटे व प्रयोगशाळेची टेबले गरजूंना विनामूल्य द्यावीत, असे विश्वस्त मंडळाने सत्राच्या सुरुवातीस ठरविले होते. त्याप्रमाणे इंटरनेटवर फोटोसह जाहिरात दिली व किमतीच्या रकान्यात शून्य लिहिले. पुढे जे घडले त्यावरून काही विश्वस्तांनी प्रस्ताव मांडला आहे की, यापुढे शाळेचे जुने सामान सरळ कबाडीला घालावे. हा प्रस्ताव आम्हांला मान्य नाही. का मान्य नाही, हे पालकांनाही कळावे म्हणून हा मजकूर.

जाहिरात लागल्यावर तासाभरातच फोन वाजू लागला. सगळ्यांचा प्रश्न एकच, "अभी है क्या?" आहे असे कळविले की निम्मे लोक गप्प. उरलेल्यांतले बरेच "बस, निकल रहे हैं सर" म्हणणारे. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आयुष्य इंदुरात गेले, तरी या "निकल रहे हैं"चा नेमका अर्थ आम्हांला अजून लागलेला नाही. विजयनगरहून सकाळी निघालेले एक गृहस्थ संध्याकाळपर्यंत पोहोचले नाहीत. तेवढ्या वेळात ते देवासला जाऊन परत आले असते. एकाने बाक महूला घरपोच मागितले. एकाने "फ्री है तो भाड़ा भी आप ही दे दो" असे सुचविले. या सगळ्यांत खरे नुकसान कोणाचे झाले? आमच्या सेवकमामांचे. त्यांचे दोन रविवार फाटकापाशी बसून गेले.

एक प्रकार मात्र निव्वळ फसवणुकीचा होता. "वाहतुकीचे पैसे आधी तुमच्या खात्यात टाकतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका," असा निरोप आला. विद्यार्थ्यांनी घरी आजी-आजोबांनाही सांगावे : यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत. कोणी फसलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता मुद्द्याकडे. "फुकट दिले की लोकांना किंमत राहत नाही," असे सभेत म्हटले गेले. हे अर्धेच खरे आहे. फुकट वस्तूला 'हो' म्हणायला काही पडत नाही, म्हणून माणूस 'हो' म्हणून टाकतो, हे खरे. पण बाक फुकट असला तरी तो घरी नेणे फुकट नसते. लोडिंग रिक्षाचे भाडे, उचलायला दुसरा माणूस आणि रोजंदारीवाला असेल तर बुडालेला रोज, हा हिशेब 'हो' म्हटल्यानंतर सुरू होतो. हिशेब जमत नाही तेव्हा 'नाही' कळवायचा संकोच वाटतो आणि माणूस फोन उचलणे बंद करतो. लग्नाच्या आमंत्रणाला "नक्की येतो" म्हणून न जाणारे आपल्यातही थोडे नाहीत.

कबाडी वेळेवर येतो, हे कबूल. त्याचा त्यात धंदा आहे. पण तो लाकूड-लोखंड तोलून नेतो. जो बाक एखाद्या बालवाडीत आणखी दहा वर्षे टिकला असता, त्याच्या फळ्या होतात.

दुसरी सूचना शंभर रुपये अनामत घेण्याची आहे, वस्तू नेली की परत. वरवर ठीक वाटते. पण अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका, असे आपण मुलांना वर्गात शिकवतो. शाळेनेच अनोळखी लोकांकडून आगाऊ पैसे मागावेत, हे आम्हांला पटत नाही.

आमच्या मते बदलायची आहे ती देण्याची रीत. जाहिरातीतच लिहावे की बाक किती लांब आहे, उचलायला किती माणसे लागतील आणि रिक्षा फाटकाच्या आत येते की नाही. दिवस एक, वेळ ठरलेली. कोणासाठीही वस्तू राखून ठेवायची नाही. जो येईल तो नेईल. अमेरिकेतील टूसॉन शहरात २००३ साली सुरू झालेल्या 'फ्रीसायकल' या विनामूल्य देवाणघेवाणीत वस्तू कोणाला द्यायची हे देणारा ठरवतो. घरगुती वस्तूंना ते शोभते. शाळेने तसे करू नये, कारण मग ज्याला कहाणी चांगली लिहिता येते त्याला बाक मिळतो आणि "टेबल चाहिए" एवढेच लिहिणारी बाई मागे राहते. गरज कोणाची खरी, याची परीक्षा घेण्याचे काम आपले नव्हे.

पुस्तकांची गोष्ट वेगळी. त्यांना मुदत असते. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरी व सहावीची, २०२५ मध्ये चौथी, पाचवी, सातवी व आठवीची पुस्तके बदलली. "एक जण येतो म्हणाला आहे" म्हणून वर्षभर कपाटात राखलेला जुना संच नंतर खजुरी बाजारातही कोणी घेत नाही. पुस्तके इंटरनेटवर न घालता निकालाच्या दिवशी शाळेतच हातोहात द्यावीत.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करून लिहीत आहोत. "येतो" म्हणून न आलेल्यांत दोन नंबर आमच्याच पालकांचे निघाले. नावे कोणालाही सांगितलेली नाहीत, सांगणारही नाही. बाक नको असल्यास त्यांनी "येणार नाही" एवढे दोन शब्द पाठविले असते, तर सेवकमामा रविवारी घरी जेवले असते.

अकरा बाक व एक कपाट अजून शिल्लक आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी २ ते ५ या वेळात मागचे फाटक उघडे राहील. बाक साडेचार फूट लांब आहे, उचलायला दोघे लागतात, लोडिंग रिक्षा आत येते. आधी फोन करण्याची गरज नाही. ५ वाजता फाटक बंद होईल आणि जे उरेल त्याचा विचार विश्वस्तांच्या पुढील बैठकीत होईल.