मागे कोण थांबणार?

शनिवारी रात्री पुण्यातल्या कितीतरी फोनवर एकाच वळणाचा निरोप येतो. उद्या पहाटे साडेपाच, अमुक चौक, बोपदेव घाटाने सासवड, तिथे मिसळ, परत दिवे घाटाने. हेल्मेट सक्तीचं, पुढचा-मागचा दिवा हवाच, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि शेवटची ओळ ठरलेली: सगळ्यांचं स्वागत आहे, कुणालाही मागे सोडलं जाणार नाही.

सायकल क्लब कसा आहे, हे मी या शेवटच्या ओळीवरून ठरवते. सायकली किती महागाच्या, जर्सी किती झोकदार, कुणी किती ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) केल्या, याला माझ्या लेखी दुय्यम किंमत आहे. ती एक ओळ रस्त्यावर खरी होते का, एवढंच बघायचं.

येवलेवाडी मागे पडली की बोपदेवचा चढ लागतो. तोवर पंधरा-वीस जणांचा घोळका एकत्र असतो, कारण सपाटीवर मागच्याला पुढच्याचा आडोसा मिळतो. ताशी पंचविसाच्या पुढे गेलं की सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते, आणि चाकामागे चाक लावून येणाऱ्याच्या वाटचे कष्ट पुढचा उपसत असतो. घाटात वेग आठ-दहावर उतरला की या आडोशाचा काही उपयोग राहत नाही. तिथे ज्याचे त्याचे पाय आणि ज्याचा त्याचा दम. पहिल्या दोन वळणांत घोळका फुटतो.

घाटमाथ्यावर सगळ्यांसाठी थांबायचं असं ठरलेलं असतं, आणि थांबतातही. पुढचे पोचतात, पाणी पितात, खजूर-चिक्की निघते, फोटो होतात, अंगावरचा घाम वाळतो. मग शेवटची येते. तिचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच कुणीतरी म्हणतं, ‘चला, आले सगळे!’ आणि घोळका हलतो. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज सर्वांत कमी होती, त्यांना पंधरा मिनिटं मिळाली. जिला धड श्वास घेता येत नाहीये, तिला एक मिनिटही नाही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. थांबलेल्याला वाटतं आपण भरपूर थांबलो, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. पण पुढच्या रविवारी ती येत नाही. आपणच इतरांचा खोळंबा केला, असं तिने मनाशी धरलेलं असतं. ग्रुपवरही तिची चौकशी कुणी करत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. थांबा मोजायचा तो शेवटचा माणूस पोचल्यापासून.

दुसरी गोष्ट स्वीपची. रांगेच्या शेवटी राहणाऱ्याला क्लबात स्वीप म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे काम, ज्याचा गुडघा दुखतोय किंवा ज्याला आज जोर लावायचा नाही, त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या मते ते क्लबातल्या सर्वांत दमदार आणि सर्वांत जाणत्या माणसाचं काम आहे. पुढे राहणाऱ्याला रस्ता माहीत असला की भागतं. मागच्याला माणूस ओळखावा लागतो: हा नुसता दमलाय की याला चक्कर येतेय, याची सीट खाली आहे म्हणून गुडघे दुखताहेत की पाणीच प्यायलेला नाही.

असे एक स्वीप मी जवळून पाहिले आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, क्लबात सगळे त्यांना काका म्हणतात. भिवरीच्या पुढे एका मुलीचं मागचं चाक बसलं. जाड टायरची, सव्वीस इंची चाकाची सायकल. बाकीच्यांच्या खिशातल्या ट्यूब रोड बाईकच्या बारीक चाकांच्या, त्यातली एकही तिला लागू होणारी नव्हती. ‘काका, तुम्ही व्हा पुढे, मी येते एखाद्या टेम्पोने,’ ती म्हणाली. ‘अगं, टेम्पो कशाला? चाक काढायला शीक आधी. घाई कुणाला आहे?’ म्हणत काकांनी सायकल झाडाला टेकवली. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणायला सांगितली, म्हणजे चाक सहज सुटतं. लिव्हरने टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली आणि टायरच्या आतून हलक्या हाताने बोटं फिरवायला लावली. एका जागी तिचं बोट अडकलं. ट्रकच्या फुटक्या टायरमधून रस्त्यावर पडते तसली केसाएवढी तार होती. ती चिमट्याने ओढून काढली. ही तार राहिली असती तर पंक्चर काढूनही ट्यूब थोड्याच अंतरावर पुन्हा बसली असती. मग काचपेपरने घासणं, सोल्यूशन लावून ते पुरतं वाळेपर्यंत हात आवरून बसणं, आणि पॅच. सगळं तिच्याच हातून करून घेतलं. सासवडला दोघं पोचले तेव्हा पहिल्या पंगतीची मिसळ संपली होती. दुसरी मागवली गेली आणि सगळे पुन्हा बसले. ही मुलगी आता नेमाने येते.

मागच्याला सोडून जायचं नाही, हे परतीचा दिवे घाट तर आपल्याला आधीपासूनच सांगतो आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती हाच घाट चढून. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जोडतात. नेहमीच्या जोडीला ओढवेना तर सोहळा तिला टाकून पुढे जात नाही. घाट अवघड आहे हे आधीच धरून मदतीची तजवीज केलेली असते.

आणि विक्रम करणाऱ्यांचंही याहून वेगळं नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर. त्या शर्यतीत रात्रीच्या वेळी स्वाराच्या पाठीशी गाडी असावीच लागते, तसा नियमच आहे. इतक्या तयारीच्या स्वारांना जर मागे कुणीतरी लागतं, तर वीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलेल्या माणसाला ते का लागू नये?

वेगाची हौस मला समजते. जोरात चालवण्यात अपार आनंद आहे, आणि तो कुणी सोडावा असं माझं म्हणणं नाही. त्यासाठी वेगळी राईड ठेवा आणि तसं सरळ लिहा. निरोपात ‘सरासरी अठरा’ म्हणायचं आणि रस्त्यावर चोविसाने हाणायचं, ही नव्या माणसाची फसवणूक आहे. ब्रेव्हेचा मूळ बाणा आठवावा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही आत. पहिला-दुसरा असा क्रमांकच नाही. वेळेत आला तो पूर्ण. हा हिशेब ज्यांनी घातला, त्यांना टिकाव महत्त्वाचा वाटत होता.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. वाटेत स्वच्छतागृह असलेला थांबा कुठे, हे निरोपात लिहिलेलं मी क्वचितच पाहते. पुरुष मंडळींना झाडाचा आडोसा पुरतो. बायका पहाटेपासून पाणी पिणंच टाळतात आणि दहाच्या उन्हात त्यांना ग्लानी येते. राईडला बायका कमी का, असा प्रश्न पडणाऱ्या क्लबांनी आधी ही एक ओळ लिहावी.

एवढं सगळं शेवटच्या माणसासाठी का? कारण पुढच्या फळीतले काही झालं तरी सायकल सोडणार नाहीत. शेवटचा सोडू शकतो. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. कारखान्याला, कचेरीला, कॉलेजला सायकलनेच जायची रीत होती, आणि डबलसीट किंवा बिनदिव्याचं दिसलं की पोलीस अडवायचे. ती सवय गेली. आज नोकरदार माणसाचं सायकलशी नातं पुन्हा जुळतं ते बहुधा अशा एखाद्या रविवारी. तिथे धीर मिळाला, तर बुधवारी तो मंडईत सायकलने जातो, पुढे कधीतरी ऑफिसलाही. नाही मिळाला, तर सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. सायकलमार्गांसाठी महापालिकेकडे जरूर भांडू या, मीही भांडते. पण त्या मार्गांवरून जाणारी माणसं आपल्याच रांगेच्या शेवटी धापा टाकत येत असतात.

तेव्हा क्लब चालवणाऱ्यांना विनंती. या रविवारी तुमचा सर्वांत दमदार स्वार मागे ठेवा. माथ्यावर शेवटचा पोचल्यावर दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. आणि गेल्या महिन्यात एकदाच येऊन पुन्हा न दिसलेल्या माणसाला आज संध्याकाळी फोन करा.