चूक शाखेत, वसुली बांधावर

केंद्र सरकारच्या २००८ सालच्या शेतकरी कर्जमाफीवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केलेला अहवाल ५ मार्च २०१३ रोजी संसदेत मांडला गेला. कर्जमाफीचा निर्णय होऊन तेव्हा पाच वर्षे लोटली होती. २५ राज्यांतली ९०,५७६ खाती तपासली गेली आणि त्यांतल्या २२.३२ टक्के खात्यांत काही ना काही दोष सापडला. २,८२४ प्रकरणांत कागदपत्रांवर खाडाखोड, गिरवागिरवी, फेरफार आढळला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत हेच आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र त्याच अहवालात आणखी एक आकडा होता, त्याच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. लाभ न मिळालेली ९,३३४ खाती नऊ राज्यांत तपासली गेली, तेव्हा त्यांतली १,२५७ पात्र निघाली. म्हणजे शंभरातल्या तेराहून अधिक जणांना हक्काची माफी नाकारली गेली होती.

ज्याला मिळायला नको त्याला मिळाले, एवढाच गैरप्रकार आपल्या व्यवस्थेला दिसतो. ज्याला मिळायला हवे त्याला मिळाले नाही, हाही तितकाच गैरप्रकार आहे, किंबहुना जास्त. पण पहिल्याची नोंद दप्तरात असते. पावती, खाते क्रमांक, जमा रक्कम सगळे हाताशी असल्याने तपासनीस तिथवर पोचतो. दुसऱ्याचे नावच यादीत नसते. त्याचा अर्ज शाखेतल्या कुठल्या तरी गठ्ठ्यात पडून राहतो, किंवा अर्ज घ्यायलाच कोणी तयार नसते. महालेखापरीक्षकांनी ही वगळलेली खाती मुद्दाम शोधून तपासली, हे त्या अहवालाचे मोठे काम आहे. त्यानंतरच्या किती योजनांत कोणी तसे केले?

२००८ च्या योजनेचे नियम कागदावर बऱ्यापैकी स्पष्ट होते. १ एप्रिल १९९७ ते ३१ मार्च २००७ या काळात दिलेले, ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत न फिटलेले कर्ज त्यात बसत होते. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असलेल्याने ७५ टक्के भरले, तर उरलेले २५ टक्के माफ. विदर्भातल्या कोरडवाहू आठ-दहा एकरवाल्यावर या पाच एकरांच्या रेषेने केलेला अन्याय हा वेगळा विषय आहे आणि त्यावर त्या काळी पुष्कळ बोलले गेले. इथला मुद्दा वेगळा आहे. घोषणा अर्थसंकल्पात २९ फेब्रुवारीला झाली आणि याद्या ३० जूनपर्यंत लावायच्या होत्या. दहा वर्षांची थकबाकी, प्रत्येकाची जमीन, कर्जाचा हेतू, हप्त्याच्या तारखा हे सगळे चार महिन्यांत उकरून काढायचे होते. गावपातळीवर हे काम आले विकास सोसायटीच्या सचिवाकडे आणि बँकेच्या शाखेकडे. एकेका सचिवाकडे अनेक गावांच्या सोसायट्या, अशी स्थिती आपल्याकडे नवी नाही. चार महिन्यांत घाईने भरलेल्या त्या तक्त्यांची खरी झडती पाच वर्षांनी समोर आली. लेखापरीक्षणाचे कलम मूळ योजनेतच होते, तरी केंद्राचे वित्तीय सेवा खाते कर्ज देणाऱ्या संस्थांनी पुढे केलेल्या आकड्यांवर विसंबून राहिले, असा ठपका त्या अहवालाने ठेवला.

एवढ्या उशिरा केलेली तपासणी शेवटी कोणाच्या दारात जाऊन उभी राहते, हे कोल्हापूरने पाहिले आहे. याच कर्जमाफीतून जिल्हा मध्यवर्ती बँकेमार्फत जमा झालेल्या रकमेपैकी सुमारे ११२ कोटी रुपये नंतरच्या तपासणीत अपात्र ठरले. कारण दिले गेले ते असे, की पिकासाठी ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जादा कर्ज उचलले गेले होते. नाबार्डने ती रक्कम बँकेकडून परत घेतली. बँकेने सोसायट्यांकडे बोट दाखवले आणि ४४ हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यावर माफ झालेले कर्ज पुन्हा उभे राहिले. ज्याला सोसायटीने एकदा बेबाक ठरवले होते, तो पुन्हा थकबाकीदार झाला.

आता ही मर्यादा ठरवतो कोण आणि पाळायची कोणी, ते पाहा. क.म. (कमाल मर्यादा) पत्रक सोसायटीचा सचिव तयार करतो, पंच कमिटी ठराव करते, बँकेचा निरीक्षक शिफारस करतो, शाखा रक्कम खात्यावर टाकते. ऊस, भात, सोयाबीन, कोणत्या पिकाला एकरी किती द्यायचे हे जिल्ह्यावर ठरते, शेतकऱ्याच्या घरी नव्हे. त्याने मागितले, त्यांनी दिले. देताना मर्यादा ओलांडली असेल तर सही करणाऱ्याने ओलांडली. कर्ज फेडायचे असते तेव्हा मर्यादेबाहेरचे कर्जही कर्जच असते, व्याजासकट वसूल होते. मग माफीच्या वेळीच ते अवैध कसे ठरते? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१७ साली निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पण माफीपासून निकालापर्यंत नऊ वर्षे गेली. खात्यावर थकबाकी दिसत असताना शेतकऱ्याला नवे पीककर्ज मिळत नाही, आणि खत, बियाणे, मजुरीसाठी तो सावकाराकडे किंवा अडत्याकडे जातो. त्या व्याजाचा हिशेब कुठल्याच लेखापरीक्षणात येत नाही.

आता याच्याशेजारी महालेखापरीक्षकांच्या त्या अहवालातली आणखी एक नोंद ठेवा. एका खासगी बँकेने सूक्ष्म वित्तपुरवठा संस्थांना दिलेल्या कर्जापोटी १६४.६० कोटी रुपयांची भरपाई सरकारकडून घेतली. ते नियमात बसणारे नव्हते, कारण माफी शेतकऱ्याला थेट दिलेल्या कर्जाला होती, मधल्या संस्थेला दिलेल्या कर्जाला नव्हती. कोल्हापूरच्या ४४ हजार शेतकऱ्यांच्या एकत्रित रकमेपेक्षा हा एकट्या बँकेचा आकडा मोठा आहे. हा दावा काही खेडवळ माणसाने अंगठा उठवून केलेला नव्हता. नियम वाचणारे, वकील आणि लेखापाल पदरी असणारे लोक त्यामागे होते. चुकांची तपासणी करायचीच, तर ती इथून सुरू व्हायला हवी होती.

पंतप्रधान किसान सन्मान निधीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ही योजना सुरू झाली, वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. पहिल्या हप्त्याला आधार जोडणीची सक्ती शिथिल होती. पुढे माहिती आयकर खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि जुलै २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले, की ४२ लाखांहून अधिक अपात्रांच्या खात्यांत सुमारे तीन हजार कोटी रुपये गेले आहेत. महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. आयकर भरणाऱ्याने हे पैसे घ्यायला नको होते, त्याच्याकडून ते परत घेतलेच पाहिजेत, यात शंका नाही. सार्वजनिक पैसा आहे. मात्र आयकर खात्याची नोंद सरकारपाशी २०१९ सालीही होतीच. ती हप्ता पाठवण्याआधी ताडून पाहिली असती तर नोटीस, वसुली, तलाठ्याच्या फेऱ्या यांतले काहीच लागले नसते.

वसुली सोडून द्या, असे आमचे म्हणणे नाही. खोटी कागदपत्रे करून अनुदान उचलणारे गावोगाव आहेत. न खोदलेल्या शेततळ्यांची आणि न बसवलेल्या ठिबक संचांची बिले निघाल्याच्या तक्रारी होतात. त्यांना पाठीशी घालण्याचे कारण नाही. पण ज्याने खरी माहिती दिली आणि ज्याचा अर्ज शासनाच्या किंवा बँकेच्या माणसाने तपासून मंजूर केला, त्याच्याकडून वर्षांनंतर पैसे मागणे हा अन्याय आहे. अशा प्रकरणात पैसे मंजूर करणाऱ्या संस्थेने सोसावेत आणि सही करणाऱ्याची चौकशी व्हावी. हा नियम योजनेच्या शासन निर्णयातच लिहिलेला असला पाहिजे, नंतर न्यायालयात भांडून मिळवण्याची वेळ शेतकऱ्यावर येऊ नये.

तपासणी पैसे जाण्याआधी करता येते, हे याच राज्यात दिसले आहे. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत फेब्रुवारी २०२० पासून याद्या आधी गावात लागल्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन रक्कम मान्य आहे की नाही हे सांगायचे आणि मगच पैसे जमा व्हायचे. त्यातही अडचणी होत्या. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नसत, खातेदार मयत असेल तर वारसाचे काम अडून राही. तरीही २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेपेक्षा ही पद्धत पुष्कळ सरळ होती. त्या वेळी बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली होती, तिचा ऑनलाइन अर्जांशी मेळ बसता बसत नव्हता आणि पात्र ठरलेल्यांच्या हिरव्या यादीची वाट पाहण्यात शेतकऱ्याचे महिने गेले.

यापुढची पायरी या याद्या ग्रामसभेत वाचण्याची आहे. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेला कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला. त्याआधी नव्वदच्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया घेऊन हजेरीपट भर चौकात वाचून दाखवले होते. कोणाच्या नावावर किती जमीन आहे, कोण नोकरीला आहे, कोणाची विहीर खरेच खोदली गेली, हे गावाला जितके ठाऊक असते तितके कुठल्याही संगणकाला नसते. खातेदाराची माहिती गोपनीय आहे, असे बँका सांगतील. पण सरकारी तिजोरीतून ज्या खात्याचे कर्ज फिटणार, त्याचे नाव लपवण्याला आधार नाही. २००८ च्या योजनेतही याद्या शाखेच्या फलकावर लावायच्याच होत्या.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारने नव्या कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे जाहीर केले आणि माजी सनदी अधिकारी प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कर्जमाफी द्यावी की नाही यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण ती कधीही, कोणीही दिली तरी तिच्या शासन निर्णयात आणखी दोन गोष्टी हव्यातच. लाभ मिळालेल्यांबरोबर नाकारलेल्या अर्जांचाही नमुना काढून लेखापरीक्षकाने तो पहिल्या वर्षातच तपासावा. आणि ज्याचे नाव यादीतून वगळले, त्याला कारण मराठीत लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद मिळावा, म्हणजे तो घेऊन त्याला तालुक्याच्या समितीपुढे उभे राहता येईल.