शेतीची पदवी, वकिलीची सनद

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून आणि राहुरी विद्यापीठाच्या इतर महाविद्यालयांतून दरवर्षी आपली मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. चार वर्षे माती, बियाणे, पाणी, कीड-रोग शिकतात. पुढच्या वाटा ठरलेल्या. कोणी बियाण्याच्या नाहीतर औषधाच्या कंपनीत विक्रीच्या कामाला लागतो, कोणी कृषी सेवा केंद्र टाकतो, कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत उमेदीची पाच-सहा वर्षे घालवतो. या वाटांना नावे ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. पण आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. ती कायद्याच्या महाविद्यालयाकडे जाते.

कृषी पदवीधराने कायदा कशाला शिकायचा, असा प्रश्न घरोघरी विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे.

कापसाचे बियाणे उगवले नाही, की शेतकरी तालुक्याला तक्रार देतो. समिती येते, पंचनामा होतो. वर्ष-दीड वर्षाने तोच कागद ग्राहक आयोगापुढे जातो, तेव्हा कंपनीचा वकील एकेक प्रश्न काढतो. पेरणीच्या वेळी जमिनीत ओल किती होती? बी किती खोल पडले? त्याच लॉटचे बियाणे शेजारच्या शेतात उगवले की नाही? पाहणीची सूचना कंपनीला दिली होती का? पंचनाम्यात यातले काही नसते. शेतकऱ्याची तक्रार खरी असते, पण कागद लंगडा निघतो.

बियाणे न उगवणे वेगळे, आणि उगवून भलत्याच जातीची झाडे निघणे वेगळे. पहिल्याचा पुरावा काही दिवसांत मोडून जातो, कारण शेतकरी दुबार पेरणी करतो. दुसऱ्याचा पुरावा पाते-बोंडे लागेपर्यंत दिसतच नाही. हा फरक नुसत्या वकिलाला समजावून सांगावा लागतो. नुसत्या कृषी पदवीधराला तो पाठ असतो, पण तो कोणत्या कलमाखाली, किती मुदतीत आणि कोणापुढे मांडायचा हे ठाऊक नसते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असतील, तर पंचनामा पहिल्या दिवशीच नीट लिहिला जाईल.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने कधीच बोलत नाही, असेही नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. घेतलेले सगळे बी शेतकरी पेरून टाकतो. तपासणीसाठी थोडे बाजूला ठेव अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही न्यायालयाने मानले. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. बियाण्यासाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. एवढे असूनही किती गावांत ही माहिती पोचली आहे?

जमिनीचेही तसेच. सुरत-नागपूर महामार्गासाठी धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत जमिनी गेल्या. १९९७ ते २०१५ या काळात महामार्ग कायद्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना दिलासा रक्कम आणि त्यावरील व्याज नाकारणे घटनेशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तरसेम सिंग प्रकरणात सांगितले. पण हक्क आहे एवढ्याने मोबदला मिळत नाही. विहीर किती खोल, पाणी किती महिने, लिंबाची झाडे किती वर्षांची, केळी कोणत्या अवस्थेत, ठिबकची नळी कुठवर, हे सारे मांडावे लागते. बागेचे मोल ज्याला कळते त्यालाच ते मांडता येते.

एका विषयात पारंगत होऊन मग कायदा शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून १९१६ साली ते लंडनला गेले, तेव्हा अर्थशास्त्राबरोबरच त्यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला, १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती पद्धत मोडण्याचे विधेयक आणले. कुळाचे अर्थकारण आणि कायद्याचे कलम, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत होते. त्याच १९३७ च्या ३१ जुलैला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या जागेला आजही लोक आवर्जून जातात. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहिला, ते बॅरिस्टरही झाले आणि १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री राहिले. पहिले शिक्षण दोघांचेही वाया गेले नाही.

आता व्यवहाराचे बोलू. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम खुला आहे. सहा सत्रे असतात. पदवीला खुल्या गटात किमान ४५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत आहे. राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जळगावला मणियार विधी महाविद्यालय आहे, धुळ्यालाही सोय आहे. पुण्या-मुंबईची खोली भाड्याने घेण्याची गरज नाही. मात्र हे शिक्षण पत्राद्वारे होत नाही, हजेरी लागते. नंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेच्या नावाखाली निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. कायद्याने ठरलेले ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी फी बार कौन्सिलला घेता येत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. पूर्णवेळ पगारी नोकरी किंवा दुकान चालवत वकिली करता येत नाही. नियम तसा आहे. आणि एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार अशा दोन्ही भूमिका घेता येत नाहीत. तज्ज्ञ म्हणून विद्यापीठाचा शास्त्रज्ञ बोलवावाच लागेल. आपल्या वकिलाचे काम त्या शास्त्रज्ञाला नेमके प्रश्न विचारण्याचे, आणि कंपनीच्या तज्ज्ञाचे उत्तर कुठे पोकळ आहे ते ओळखण्याचे.

घरच्यांची काळजी आम्हाला समजते. चार वर्षे झाली, त्यावर आणखी तीन. तोवर शेतात कोण राबणार? सनद मिळाल्यावरही पहिली काही वर्षे हाती फारसे पडत नाही, हे खरे आहे. काळा कोट अंगावर चढला की मुलगा गाव विसरतो, हाही अनुभव लोकांना आहे. म्हणून हा भार एकट्या घरावर टाकून चालणार नाही. मुलाने गाव धरून ठेवावे असे वाटत असेल, तर गावानेही शिकताना त्याला धरून ठेवले पाहिजे.

येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने दोन नावे आणावीत, त्यातले एक मुलीचे असावे. रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री, कुठलाही तालुका सुटू नये. एस.टी.चा पास आणि पुस्तके यांचा खर्च तालुक्याने वाटून घ्यावा. त्या बदल्यात विद्यार्थ्याने सुट्टीत दहा गावांत बसून बियाण्याच्या पावत्या, पिशव्या, टॅग आणि सातबाऱ्याचे उतारे जपून कसे ठेवायचे ते शिकवावे. वकील व्हायला तीन वर्षे लागतील, पावती जपायला या खरिपापासून सुरुवात करता येते.

शेतात पिकवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पिकलेले आणि बुडालेले, दोन्हींचा हिशेब कोर्टात मांडणारे हवे आहेत. ते बाहेरून येणार नाहीत, आपल्याच घरातून उभे करावे लागतील.