नाव विसरले, सूर आठवतो

बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला. बडी गाय तिथे वाजवून गेले. वालीवहून तिथे गेलेल्या रसिकाला आज गिटारचा सूर आठवतो, वादकाचे नाव नाही. हा स्मृतिभ्रंश नव्हे. नावाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून वयानुसार तेच आधी निसटते. कालपरवाचा प्रसंगच आठवण करून देऊनही आठवत नसेल, तर तपासणी करावी.

नाव शोधताना आधी स्वतःला आठवते ते लिहून काढा, मग जुनी कार्यक्रमपत्रिका पाहा, मित्रांना शेवटी विचारा. कुणी नाव सुचवले की मेंदू तोच चेहरा आठवणीत बसवतो. आम्ही डॉक्टरांनीही ‘हीच गोळी ना?’ असे विचारू नये. होकार मिळतो, खात्री नाही.