शब्द कुणाला लागतो?

‘आमच्या मनात तसे काही नव्हते.’ शब्दावरून वाद झाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण तेवढ्याने प्रश्न मिटतो का? संगणकाच्या जगात काही वर्षांपूर्वी हाच वाद रंगला. धानोऱ्यासारख्या जंगलातल्या गावी राहूनही तो मला परका वाटला नाही.

एक यंत्र हुकूम सोडते आणि बाकीची त्याप्रमाणे चालतात, अशा रचनेला संगणकतज्ज्ञ अनेक दशके ‘मास्टर-स्लेव्ह’ म्हणत आले. सरळ मराठीत मालक आणि गुलाम. हे नाव ठेवणाऱ्यांना गुलामगिरीचा गौरव करायचा नव्हता; यंत्रांचे नाते सांगायला त्यांनी हाताशी असलेली उपमा घेतली. २००३ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस कौंटीने आपल्या पुरवठादारांना हे शब्द टाळायला सांगितले, तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. पुढे २०१८ मध्ये ‘पायथन’ या संगणकभाषेच्या मंडळींनी ते बदलायला घेतले. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि त्याच वर्षी ‘मायएसक्यूएल’ने शब्द बदलण्याचे जाहीर केले. ‘गिटहब’वरील नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचे नावही ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झाले.

विरोधकांचे म्हणणे असे, की यंत्राला कुठे अपमान वाटतो? शब्द लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असेल, तर ऐकणाऱ्याने का दुखावून घ्यावे?

याचे उत्तर आपल्या भाषेत शोधू. ‘स्लेव्ह’च्या जागी ‘वेठबिगार’ हा शब्द ठेवून पाहा. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. ती पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. संगणकाच्या वर्गात फळ्यावर ‘मालक’ आणि ‘वेठबिगार’ अशा दोन चौकटी काढल्या, तर बाकीची मुले आकृती उतरवून घेतील. ज्याच्या आजोबांनी वेठ केली, त्याची पेन्सिल मात्र क्षणभर थांबेल. शिक्षकाचा हेतू वाईट नव्हताच. पण ज्याचे जळते त्याला कळते.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. जाणीवपूर्वक केलेला अपमान आणि पाणउतारा करण्याचा उद्देश यांना त्यातही महत्त्व आहे. माणसाला शिक्षा द्यायची, तर त्याचे मन तपासलेच पाहिजे. पण शब्दाचा अर्थ एकट्या बोलणाऱ्याच्या मनात नसतो. जातिवाचक शब्दाचा मूळ अर्थ काय होता यापेक्षा आज तो लोकांत कोणत्या अर्थाने वापरला जातो ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात म्हटले आहे.

माणसाला दोषी ठरवणे आणि शब्द बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपण त्यांची गल्लत करतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. ती जुनी नावे कुणी, कोणत्या हेतूने दिली, याची चौकशी कुणी मांडली नाही. तिची गरजही नव्हती. पत्ता लिहिताना मुलाला मान खाली घालावी लागू नये, एवढे कारण पुरेसे होते.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. केंद्र सरकारच्या यादीत देशातील ७५ जमातींचा एक खास गट आहे. महाराष्ट्रातील तीन जमाती त्यात येतात: कातकरी, कोलाम आणि गडचिरोलीतील माडिया गोंड. या गटाला इंग्रजीत ‘प्रिमिटिव्ह’ म्हणत. यादी मदतीसाठीच केली होती, हेतूत खोट नव्हती. तरीही २००६ मध्ये तो शब्द गेला आणि ‘विशेष दुर्बल’ अशा अर्थाचा शब्द आला. मराठीत मात्र अजून सर्रास ‘आदिम जमात’ म्हटले जाते. ‘आदिम’ म्हणजे पहिला, असे कुणी म्हणेल. पण ऐकणाऱ्याला त्यात ‘मागे राहिलेला’ हेच ऐकू येते. आणि ‘दुर्बल’ तरी कुणाला आवडेल?

शब्द बदलून पोट भरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. नाव बदलले म्हणून रस्ता होत नाही, दवाखान्यात डॉक्टर येत नाही. ही कामे अडली म्हणून जुना शब्द मात्र चालू ठेवावा, हे पटत नाही. उलट प्रत्येक शब्दामागे लागण्याचेही कारण नाही. ‘काळी यादी’ हा शब्द मला तितका बोचत नाही. शेताला काळी आई म्हणणारी आणि सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणारी ही भाषा आहे. पण ज्याला तो शब्द बोचतो, त्याचे आधी ऐकून घेईन.

प्रश्न ऐकून घेण्याचाच आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. एकाचा जरी विरोध असला, तरी चर्चा पुढे चालू राहते. शब्दांच्या बाबतीतही असेच हवे. ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारावे, ‘तुम्ही स्वतःला काय म्हणता?’ गोंड स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

घरात मूल अस्ताव्यस्त राहिले की आपण ‘काय जंगली माणसासारखा राहतोस!’ म्हणून ओरडतो. मनात काही नसते. पण या जंगलात माणसे राहतात, आणि त्यांची मुले आपल्या मुलांच्याच बाकावर बसतात. त्यांच्यासमोर हे वाक्य आपण म्हणू शकू का? नसेल, तर ते घरातही नको.