मूठ ज्याच्या त्याच्या हाताची

गोरेगावच्या बाजारात ‘पिस्तूल’ हा शब्द मोठ्याने उच्चारला, तर चहाच्या टपरीवरची दोन-चार डोकी नक्की वळतील. नक्षलग्रस्त म्हणून नाव लागलेल्या गोंदिया जिल्ह्यात ते साहजिकच आहे. स्पर्धेतलं पिस्तूल मात्र निराळी चीज. ते समोर आलं की नजर नळीवर न जाता मुठीवर खिळते. अक्रोडाचं लाकूड, त्यात बोटांसाठी कोरलेल्या खाचा, घामाने हात निसटू नये म्हणून खरबरीत ठेवलेला पृष्ठभाग आणि तळहाताखाली वर-खाली सरकणारी छोटी फळी. ही मूठ बघताना शस्त्र आठवतच नाही, सुतार आठवतो.

नेमबाज ‘माझं पिस्तूल बनवून घेतलं’ असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने ही मूठच बनवून घेतलेली असते. बाकीचं यंत्र श्टायर, मोरिनी, पार्दिनी अशा युरोपातल्या कारखान्यांतून तयार येतं. 10 मीटर एअर पिस्तूलला नियमही कडक आहेत: वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम, ट्रिगरवर किमान 500 ग्रॅमचा भार, आणि अख्खं पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. मुठीने मनगटाला टेकू द्यायचा नाही. एवढं पाळून जी मोकळीक उरते, ती लाकडातच.

त्या मोकळिकीची किंमत साध्या त्रैराशिकाने कळते. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण एका फुटाचं अंतर असतं. हाताच्या जराशा पिळाने माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटरच्या आसपास भरकटतो. दहाचं वर्तुळ जेमतेम 11.5 मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे दहाचा नेम सहा-सातवर जाऊन बसतो! म्हणून जाणकार प्रशिक्षक खेळाडूला डोळे मिटून हात उचलायला लावतात. डोळे उघडल्यावर माशी खाचेच्या मधोमध दिसली नाही, तर कानस नाहीतर लाकडाची पुट्टी हातात घ्यायची. हा खेळ असा घासूनपुसून, आठवडे घालवून चालतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबतची 25 मीटर पिस्तूल स्पर्धा आणखी निर्दय. तिच्या जलद फेरीत हात खाली ठेवून उभं राहायचं; लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुलं होतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी झाडायची. मग सात सेकंद थांबून पुन्हा तेच. पकड दुरुस्त करायला वेळच नाही. मूठ प्रत्येक वेळी त्याच जागी बसली तरच नेम लागणार. याच स्पर्धेत राहीने 2013 मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं आणि 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

दुसरी बाजू टोकियो ऑलिम्पिकमध्ये दिसली. 2021 च्या जुलैमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. खेळाडू घडवायचे तर पिस्तुलाची नस ओळखणारे कारागीरही घडवावे लागतात, हे तेव्हा सगळ्या देशाला कळलं. कळलं, आणि बहुधा विसरलंही गेलं.

असे कारागीर घडवायचे म्हटलं की कायद्याची धास्ती वाटते, ती रास्त आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना शस्त्र बनवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. नळी, ट्रिगर, हवेचा दाब यांना कुणी हौशीने हात लावू नये. पण 4.5 मिलिमीटर व्यासाच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला वापराचा परवाना लागत नाही, आणि त्याची मूठ घासणं हे निव्वळ सुतारकाम आहे. मोरिनी हे नाव स्वतःच्या पिस्तुलांआधी दुसऱ्यांच्या पिस्तुलांवरच्या मुठींसाठीच गाजलं होतं.

आता गोरेगावकडे बघा. नागझिऱ्याचं जंगल शेजारी, लाकडाची पारख असलेले वाढई, म्हणजे सुतार, गावोगावी. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी नंदीबैल मिरवतात, त्यांची वशिंडं आणि खूर या वाढयांच्याच पटाशीतून उतरतात. राज्याच्या ‘मिशन लक्ष्यवेध’ या क्रीडा योजनेत नेमबाजीचा समावेश आहे, त्यातला थोडा पैसा अशा हातांच्या प्रशिक्षणावर जायला हवा. आयटीआयमधला एखादा फिटर आणि एखादा वाढई यांना पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर महिनाभर बसवून काम दाखवणं हा काही फार मोठा खर्च नव्हे. तयार मुठी लहान, मध्यम, मोठी अशा ठोक मापांत मिळतात. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाताला किंवा डावखुऱ्या पोराला त्यातली नेमकी बसेलच असं नाही, आणि मूठ घासून घ्यायला दर वेळी आठशेहून जास्त किलोमीटरवरचं पुणं गाठणं परवडत नाही.

पहिल्या दोन-तीन मुठी वाया जातील, हे धरूनच चालावं. अक्रोडाऐवजी शिसव वापरलं तर ते लाकूड जास्त जड. तेव्हा वजनाची मर्यादा पाळायला वाढयाला पटाशी, कानस यांच्या जोडीने एक ग्रॅमवर मोजणारा वजनकाटाही द्यावा लागेल.